घरात बसून खेळलं तर चालतं का?

(ग्रामसंघातल्या महिलांनी सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

धारा काढून झाल्या असतील, भाकरी टोपल्यात पडल्या असतील आणि तुम्ही घटकाभर रेडिओजवळ टेकला असाल. आम्ही ग्रामसंघातल्या सातजणी आज बोलायला आलोय. माईकसमोर एकीचाच आवाज आहे, पण कागद सगळ्यांनी मिळून लिहिलाय, म्हणून 'आम्ही' म्हणतोय. मागच्या खेपेला आम्ही शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो होतो. आजही गोष्ट शेळ्यांपासूनच सुरू होते. पण या शेळ्या कधी दावणीला आल्याच नाहीत.

आमच्या गटातल्या एका ताईनं २०२५ च्या उन्हाळ्यात दोन शेळ्यांसाठी गटातून वीस हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. तिच्याच परवानगीनं बोलतोय. पहिले तीन हप्ते वेळेवर आले. कुणी विचारलं, "काय गं, शेळ्या दिसत नाहीत?" तर म्हणायची, "माहेरी अर्धलीनं दिल्यात." आम्हीही मान डोलावली. कर्ज ज्या कामाला घेतलं त्या कामाला लागलं का, हे जाऊन बघायचं असतं. आम्ही गेलो नाही. वहीत सही झाली, आम्हाला तेवढं पुरलं.

दिवाळीच्या आधी ती बँकेत गेली. 'लाडकी बहीण'चे पंधराशे काढायचे होते. पैसे निघेनात. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, "तुमचं खातं थांबवलंय. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलंय." तिला वाटलं काही कागद राहिला असेल. मग साहेबांनी पासबुकात नोंदी छापून दिल्या. दोन महिन्यांत तिच्या खात्यात चार लाखांच्या वर रक्कम आली होती आणि आली तशी गेली होती. जिनं एकावेळी हातात पंचवीस हजारांच्या वर रक्कम पाहिली नाही, तिच्या नावावर चार लाख! बाई तिथंच खाली बसली.

घरी येऊन पोराला धरलं तेव्हा सगळं बाहेर आलं. पोरगा बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, काम नाही म्हणून घरी. आईच्या खात्याचं यूपीआय त्याच्याच फोनवर. तो फोनवर पैशांची रमी खेळायचा. शेळ्यांचे वीस हजार रमीत गेले. पहिले हप्ते त्यानं मित्राकडून उसने घेऊन भरले. ते फेडायला एक ओळखीचा भेटला. तो म्हणाला, "आईचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मला वापरायला दे, महिन्याला तीन हजार देतो." यानं दिलं. ते खातं सट्ट्याच्या पैशाची येजा करायला वापरलं गेलं.

गटाची बैठक बसली. दोघीतिघी म्हणाल्या, हिला गटातून काढा, नाहीतर उद्या आपलं बँकेचं कर्जही अडेल. तसं म्हणणं चूक नव्हतं. बँक सगळ्या गटाची परतफेड बघते. पण आमच्यातली सगळ्यात थोरली म्हणाली, "तिनं पैसे खाल्ले नाहीत. विचारायचं मात्र आपणही राहिलो." मग पोरालाच बैठकीत बोलावलं. तो खाली मान घालून बसला आणि एवढंच म्हणाला, "मावशी, मी अड्ड्यावर गेलो का? घरात बसून खेळलो. अ‍ॅप खुलं चाललेलं होतं, जिंकलं की टॅक्स कापायचे, टीव्हीवर क्रिकेटवाले जाहिरात करायचे. मग बेकायदा कसं?"

सख्यांनो, आमच्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही प्रश्न कागदावर लिहिले आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं गेलो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बाईमाणसाला सरकारी मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं लिहिलंय. तिथल्या वकीलताईंनी आम्हाला दोन तास दिले. त्यांनी सांगितलं ते आमच्या भाषेत सांगतो.

पहिला प्रश्न आम्ही पोराचाच विचारला. घरात बसून खेळलं तर चालतं का?

आपल्याकडं जुगाराचा जुना कायदा आहे, १८८७ सालचा. इंग्रजांच्या काळातला. आधी त्याला मुंबईचा कायदा म्हणत, आता महाराष्ट्र जुगार प्रतिबंध कायदा म्हणतात. त्या काळी फोन कुठला? तो कायदा जागेकडं बघतो. अड्डा कुणी चालवला, तिथं कोण सापडलं, रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी कोण खेळत होतं. पारावर, देवळाच्या ओट्यावर डाव मांडला तर कुणी नाल घेवो न घेवो, पोलीस उचलू शकतात.

नाल म्हणजे काय ते आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. डाव कुणीही जिंको, जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, ती नाल. पत्त्यांच्या बाबतीत जागा अड्डा ठरते ती अशा फायद्यामुळं. मालक जागा देतो आणि त्यातून कमावतो, तिथं ते घर राहत नाही. मग त्याला चार भिंती असोत, तुळशीवृंदावन असो, काही फरक पडत नाही. वॉरंट घेऊन पोलीस घरात येऊ शकतात आणि जुगाराचं सामान सापडलं तर हा अड्डा नाही हे सिद्ध करायची पाळी आपल्यावर येते. आकड्यांच्या सट्ट्याला तर एवढीही सवलत नाही. बाजारभावाच्या आकड्यांवर, अगदी पाऊस पडेल की नाही यावर पैज लावणंसुद्धा त्या कायद्यात नाव घेऊन लिहिलंय. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "पावसावर पैज तर आपण दर मृगाला लावतो!" वकीलताई हसल्या. म्हणाल्या, शेती जुगारात धरत नाहीत.

मटका शब्द कुठून आला तेही त्यांनीच सांगितलं. पूर्वीच्या काळात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर पैजा लागायच्या. बाजार उघडताना काय भाव, बंद होताना काय भाव. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. पुढं तो भाव यायचा बंद झाला तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढू लागले. मडकं म्हणजे मटका. आज मडकं नाही, कापूसही नाही. आकडा मात्र फोनमध्ये आलाय.

आता फोनवरच्या खेळाचं बघा. पोरगं घरात आहे, पण जागेचा मालक कोण? कंपनी. प्रत्येक डावातून वाटा कोण काढतं? कंपनी. म्हणजे नाल चालूच आहे, फक्त नाल काढणारा दिसत नाही. वकीलताईंनी एवढं सांगितलं आणि आमचं अर्धं कोडं सुटलं.

दुसरा प्रश्न. मग इतकी वर्षं ही अ‍ॅपं खुलेआम कशी चालली?

जुन्या कायद्यात एक पळवाट म्हणा, सूट म्हणा, आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो कायदा लागू नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला टाकायचा, कुठला ठेवायचा ते ठरवावं लागतं. त्याच निकालात तीन पत्तीला मात्र नशिबाचा खेळ म्हटलंय. आणि जागेच्या मालकानं त्या खेळातून नफा काढला तर गोष्ट वेगळी होऊ शकते, असंही म्हटलंय. ऑनलाइन कंपन्यांनी यातला पहिला भाग धरला. आमचा खेळ कौशल्याचा, म्हणून जुगार नाही, असं म्हणून जाहिराती केल्या. कुठं रमी, कुठं क्रिकेटची टीम बनवायची, कुठं लुडो.

शिवाय घटनेनं पैज आणि जुगार हा विषय राज्यांकडं दिलाय. त्यामुळं प्रत्येक राज्याचं वेगळं. शेजारच्या तेलंगणानं २०१७ सालीच कायदा बदलून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, रमीसकट. गोव्यात मांडवी नदीत बोटींवर कॅसिनो चालतात, कारण तिथल्या कायद्यात तशी परवानगी घातली. आपल्याकडंही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. म्हणून कुणी म्हणालं, गोव्यात चालतं मग इथं का नाही, तर त्याला सांगा, तिकडचा कायदा तिकडं.

तिसरा प्रश्न. आता नवीन काय झालंय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती. या कायद्यानं कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. साधी गोष्ट विचारली, पैसे भरून खेळायचं आणि बदल्यात पैसे मिळतील अशी आशा ठेवायची, असा खेळ आहे का? असेल तर तो पैशाचा ऑनलाइन खेळ, आणि त्याला बंदी. मग रमी असो, तीन पत्ती असो, क्रिकेटची टीम असो.

यात शिक्षा कुणाला लिहिलीय ते नीट ऐका. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पैशाची देवघेव करून देणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. पुन्हा केलं तर आणखी जास्त.

आणि खेळणाऱ्याला? या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारनं त्याला गुन्हेगार न धरता नुकसान सोसणारा धरलंय. तेव्हा पोराला खेळल्याबद्दल पोलीस नेतील, या भीतीनं घरात झाकून ठेवू नका. आमच्या ताईनं पहिले पंधरा दिवस ह्याच भीतीत घालवले. पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत. काही राज्यांत खेळणाऱ्यालाही शिक्षा आहे. ऊसतोडीला, बांधकामावर, कंपनीत आपली माणसं परराज्यात जातात, त्यांना हे सांगून ठेवा.

कायदा झाल्याबरोबर मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. काही कंपन्या कोर्टात गेल्या, आणि त्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकत्र आपल्याकडं घेतल्या. एवढं होऊनही पोरांच्या फोनवर लिंका येतच राहिल्या. त्या परदेशातून चालणाऱ्या अ‍ॅपच्या. आधीच्या कंपनीचं निदान नाव-गाव तरी होतं. यांचं तेही नाही. पैसे अडकले तर भांडायचं कुणाशी?

ज्यांना विरंगुळा हवा त्यांनी घाबरू नये. पैसे न लावता फोनवर लुडो, कॅरम, रमी खेळायला या कायद्याची हरकत नाही. आमच्यातल्याच दोघी दुपारी दहा-दहा रुपये लावून अ‍ॅपवर लुडो खेळायच्या, हे त्या दिवशी वकीलताईंसमोर कबूल केलं. दहा रुपयांचं काय एवढं, असं वाटायचं. हिशोब केला तर चार महिन्यांत एकीचे अठराशे गेले होते. आता त्या बिनपैशाचा लुडो खेळतात. म्हणतात, तेवढा रंग येत नाही, पण झोप चांगली लागते.

चौथा प्रश्न टॅक्सचा. सरकार कर घेत होतं, मग खेळ कायदेशीर नाही का?

नाही. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे हे खरं. पण कर हा कमाईवर लागतो, तो काही परवाना नाही. एक फसवणूक इथं ओळखून ठेवा. अ‍ॅपवर दिसतं, तुम्ही पन्नास हजार जिंकलात. काढायला गेलं की म्हणतात, आधी पंधरा हजार टॅक्स भरा, मग पैसे सुटतील. खरा कर देणारा कापून घेतो, आधी भरायला सांगत नाही. असं कुणी सांगितलं की समजा, ते पन्नास हजार कधी नव्हतेच.

पाचवा प्रश्न आमच्या ताईचा. माझ्या खात्याचं काय?

इथं वकीलताईंचा आवाज बदलला. त्या म्हणाल्या, "खेळणं एक आणि खातं भाड्यानं देणं एक. या दोन गोष्टी मिसळू नका." खातं, एटीएम, सिम दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्याच्या पैशाची देवघेव आपल्या नावावर करून देणं. तो पैसा सट्ट्याचा असेल, कुणाला फसवून घेतलेला असेल. तपास सुरू झाला की पोलीस पहिले खातेदाराकडं येतात. मला ठाऊक नव्हतं, हे सांगता येतं, पण ते पटवून द्यावं लागतं. आपल्या बायांची खाती गावोगावी नवी उघडलीत. कुठलीही जुनी भानगड नसलेली, सरकारी अनुदान येणारी खाती. अशीच खाती या लोकांना हवी असतात. "ताई, नुसतं पासबुक द्या, महिन्याला तीन हजार घ्या," असं कुणी म्हणालं तर तो आपला भाचा असला तरी नाही म्हणा.

तशीच गोष्ट लिंकची. "ही लिंक दहा जणांना पाठव, तुला दोनशे रुपये मिळतील." खेळायला भुलवणारी जाहिरात करणं या कायद्यात गुन्हा आहे, आणि अशी लिंक गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारी त्यात सापडू शकते. आमच्या ग्रुपवर अशा तीन लिंका सापडल्या. टाकणारीला त्या काय आहेत हेही ठाऊक नव्हतं.

सहावा प्रश्न कर्जाचा. हरलेले पैसे वसूल करायला कुणी दारात आलं तर?

१८७२ च्या करार कायद्यात पैजेचा करार पोकळ धरलाय. पैजेत जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. बुकी म्हणाला, कोर्टात खेचीन, तर खुशाल म्हणू द्या. धमकी दिली, दारात येऊन शिव्या दिल्या, तर ११२ वर पोलिसांना फोन करा. बिगरपरवाना सावकारानं कर्ज दिलं असेल तर आपल्याकडं २०१४ चा सावकारी कायदा आहे, आणि विनापरवाना सावकारी हाच गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात करायची. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तरी तिथं दाद मागता येते.

फोनवरच्या झटपट कर्जाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सांगितलंय की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं फोनमधले नंबर आणि फोटो बघायचे नाहीत. म्हणून "तुमच्या सगळ्या पाहुण्यांना फोन करू" अशी धमकी देणारं अ‍ॅप नियम मोडतंय, हे पक्कं समजा.

आणि नवऱ्यानं डोरलं, पाटल्या, घरातली भांडी विकून जुगार खेळला तर? बायांच्या स्त्रीधनाची अशी विल्हेवाट लावणं, घरखर्चाला पैसे न देणं हा आर्थिक छळ आहे, असं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लिहिलंय. त्यासाठी मार खाल्लेला असावा लागत नाही. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं जाता येतं.

हे ऐकताना आम्हाला द्रौपदीची आठवण झाली. आपण कीर्तनात नेहमी वस्त्रहरण ऐकतो. पण त्याआधी तिनं भर सभेत एक प्रश्न विचारला होता. जो स्वतःला आधीच हरून बसला, त्याला मला पणाला लावायचा हक्क होता का? सभेत मोठमोठे बसले होते, कुणाला उत्तर देता आलं नाही. आजच्या कायद्यात ते उत्तर आहे. तुमचं डोरलं, तुमचं खातं, तुमच्या नावाची जमीन दुसऱ्याला पणाला लावता येत नाही. पण आधी ते तुमच्या हातात पाहिजे. पासबुक पोराच्या खिशात आणि पिन त्याच्या डोक्यात असेल, तर आपण काय सांभाळणार?

आता एक हिशोब, आम्ही बैठकीत करून बघितला तो. पोराला भाषण देण्यापेक्षा हे बरं. दहाजणी गोल बसलो. प्रत्येकीनं एक आकडा घेतला, शून्य ते नऊ. प्रत्येकीनं दहा रुपये मध्ये ठेवले. शंभर झाले. चिठ्ठी काढली. जिचा आकडा आला तिला मटक्याच्या दरानं दहाचे नव्वद दिले. राहिलेले दहा चालवणाऱ्याच्या डब्यात. तिला आनंद झाला, टाळ्या वाजल्या. पुन्हा डाव. पुन्हा कुणीतरी नव्वद जिंकलं, पुन्हा दहा डब्यात. दहा डाव झाले तेव्हा चालवणाऱ्याच्या डब्यात शंभर रुपये होते, आणि त्यानं स्वतःचा एक रुपयाही लावला नव्हता. प्रत्येक डावात कुणीतरी जिंकत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही की सगळ्याजणी मिळून हरतोय.

मग आमच्या बचतीची पेटी मध्ये ठेवली. दहाजणी दर महिन्याला शंभर टाकतात. हजार होतात. कर्ज दिलं तर व्याज पेटीतच परत येतं. इथं टाळ्या वाजत नाहीत, पण डबा आपलाच असतो. पोरगा ते बघत होता. काही बोलला नाही. उठताना डब्यातले शंभर त्यानं हातात घेऊन मोजले.

सख्यांनो, एक ऐका. हे व्यसन आहे, पोराच्या अंगातली खोड नव्हे. हरलेलं परत मिळवायच्या नादात माणूस आणखी लावतो. दारूचा वास येतो, याचा येत नाही. खुणा मात्र असतात. रात्री उशिरापर्यंत फोन, विचारलं की चिडचिड, घरातली लहानसहान रक्कम गायब, फोनला कुणी हात लावला की हिसकावणं. अशा वेळी पोराला घालूनपाडून बोलू नका आणि एकटंही सोडू नका. जीव द्यावासा वाटतो असं त्याच्या तोंडून एकदा जरी निघालं, तरी ते खरं माना. सरकारचा टेलि-मानस म्हणून फोन आहे, १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, आपल्या भाषेत बोलतात. आमच्या ताईनं लेकाशेजारी बसून तो लावला.

बाकीचे नंबर हळू सांगतो, लिहून घ्या. पैसे फसवून नेले असतील तर १९३०, हा सायबर गुन्ह्याचा. जेवढ्या लवकर लावाल तेवढं बरं, कारण पैसा पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतो. मोफत वकिलासाठी १५१००. बाईला घरात त्रास होत असेल तर १८१. फोन करण्याआधी पैसे गेल्याचे मेसेज पुसू नका, तोच पुरावा.

आमच्या ग्रामसंघानं चार ठराव केलेत. कर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत दोघींनी जाऊन वस्तू बघायची, शेळी असेल तर शेळी, शिलाई मशीन असेल तर मशीन. प्रत्येकीनं आपलं पासबुक महिन्यातून एकदा भरून आणायचं आणि बैठकीत स्वतः वाचायचं, वाचता येत नसेल तर बँक सखीकडून वाचून घ्यायचं. पिन कुणालाही सांगायचा नाही, पोटच्या पोरालाही नाही. आणि चौथा ठराव, घरात कुणी जुगारात हरलं तर ते गटात सांगितल्याबद्दल कुणालाही गटातून काढायचं नाही. या चौथ्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. पण झाकून ठेवलेलं कर्जच सगळ्यात महाग पडतं, हे आम्ही बघितलंय.

तुम्ही विचाराल, त्या ताईचं पुढं काय झालं? वकीलताईंनी अर्ज लिहून दिला. पोरानं खातं कुणाला दिलं ते पोलिसांना खरं खरं सांगितलं. वाचेल की अडकेल, हे अजून ठरायचंय. खातं पूर्ण मोकळं झालेलं नाही. ताईनं दुसरं खातं उघडलं, त्याचं पासबुक तिच्या ट्रंकेत आहे आणि किल्ली कमरेला. पोरगा मळणी मशीनवर कामाला जातो. दर महिन्याला हजार रुपये स्वतः बैठकीत येऊन भरतो. पहिल्या वेळी दारातच उभा राहिला होता. आता आत येऊन बसतो.

शेळी अजून आलेली नाही. आली की याच केंद्रावर येऊन तुम्हाला सांगू.